अंगणातले कंद – लेखांक ११ : खरिपाची आंबुशी, रब्बीची आंबुशी

गेल्या आठवड्यात ग्लॅडिओलस लावून झाला. आजचे कंद त्याच्यापुढे अगदीच किरकोळ, जेमतेम हरभऱ्याएवढे. नाव ऑक्झॅलिस. परकं वाटलं तरी या कुळातली एक जण आपल्या रोजच्या ओळखीची आहे, ती म्हणजे आंबुशी. तुळशीवृंदावनाच्या कडेला, सांडपाण्याच्या ओलीवर, कुणी न लावता उगवणारी, तीन पानांची, पिवळ्या फुलाची. तिची आंबट पानं लहानपणी कुणी चघळली नाहीत? ती चव ऑक्झॅलिक आम्लाची. मात्र आंबुशीला कंद नसतो. ती जमिनीवर सरपटत जागोजाग मुळं धरते आणि शेंग पिकली की बी लांब उडवते.

कंदवाले भाऊबंद दूरचे. या वंशाच्या पाचशेहून अधिक जाती आहेत; त्यांतल्या दोनशेहून अधिक दक्षिण आफ्रिकेत, बहुतेक केप टाउनच्या बाजूच्या पश्चिम भागात. बाकीचा मोठा गोतावळा मेक्सिको आणि दक्षिण अमेरिकेतला. केपमध्ये पाऊस पडतो थंडीत आणि उन्हाळा जातो कोरडा. मेक्सिकोत पाऊस आपल्यासारखाच उन्हाळ्याच्या पाठोपाठ येतो. एरंडोलच्या शेतकऱ्याला एवढं सांगितलं की पुढचं त्याचं त्यालाच कळेल : मेक्सिको-ब्राझीलचा कंद खरिपाचा, केपचा कंद रब्बीचा.

खरिपातली सगळ्यांत सोपी म्हणजे ब्राझीलकडची जांभळ्या त्रिकोणी पानांची ट्रँग्युलॅरिस. नर्सरीत ती बहुधा शोभेचं पानझाड म्हणून मिळते. जूनच्या पहिल्या पावसावर लावावी, सकाळचं कोवळं ऊन द्यावं, दुपारी सावली. संध्याकाळी पानं मिटतात. पानांच्या देठाशी असलेल्या फुगीर सांध्यातलं पाणी इकडून तिकडे सरकतं म्हणून. मार्चनंतर आपल्याकडची झळ लागली की ती माना टाकते आणि पार वाळते. इथेच अनेक जण कुंडी उपसून टाकतात. तसं करू नका. खवल्याखवल्यांचा कंद खाली जिवंत असतो. कुंडी सावलीला सरकवा, महिन्यातून एखाददा माती नुसती ओलसर करा, पावसाळ्यात पालवी येते.

माझा जीव मात्र रब्बीच्या कंदांवर आहे. त्यातही व्हर्सिकलरवर. तिची कळी पांढरी, पण प्रत्येक पाकळीच्या बाहेरच्या कडेला लाल रेघ असते. कळी पिळासारखी गुंडाळलेली असते, त्यामुळे त्या रेघा खालून वर फिरत गेलेल्या दिसतात. डिसेंबरात सकाळी नऊ-दहाच्या उन्हात फूल उघडलं की समोरून निव्वळ पांढरं. लाल सगळं पाठीमागे जातं. ढगाळ दिवशी ते उघडतच नाही. म्हणून कुंडीला दिवसभराचं ऊन हवं.

दसरा उलटला, रात्री गार व्हायला लागल्या की लागवड करा. आपली काळी माती नुसती वापरू नका. ती पाणी धरते आणि वाळताना आवळते, एवढासा कंद त्यात कुजतो. निम्मी जाडसर वाळू, उरलेल्यात पोयटा आणि पूर्ण कुजलेलं शेणखत. सहा इंची कुंडीत पाच-सहा कंद, टोक वर, दोन बोटं खोल. एकदा पाणी देऊन थांबायचं; पानं दिसेपर्यंत पुन्हा भिजवायची घाई नको.

फेब्रुवारीअखेर पानं पिवळी पडली की पाणी बंद. कुंडी उपसलीत तर एक नवल दिसेल : दोन बोटांवर लावलेल्या कंदाची पिल्लं थेट तळाशी गेलेली असतात. कंदाखाली पांढरं, पाणीदार, जाड मूळ सुटतं आणि मग आक्रसत कंदाला खाली ओढून नेतं. केपच्या कोरड्या उन्हाळ्यात खोलवर जाणं हाच जगायचा मार्ग असतो.

या कंदांना आपल्या उन्हाळ्यापेक्षा पावसाळाच जास्त घातक. त्यांची झोप आपल्या आषाढ-श्रावणात चालू असते आणि झोपलेल्या कंदाला ओल सोसत नाही. कोरड्या वाळूत घालून कागदी पिशवीत ठेवा. धाब्याच्या घरातला आतल्या भिंतीचा कोनाडा याला उत्तम.

बी मात्र सहसा धरणार नाही. अनेक ऑक्झॅलिसमध्ये स्त्रीकेसराच्या लांबीवरून फुलांचे तीन प्रकार असतात आणि फलनासाठी दुसऱ्या प्रकाराचा पराग लागतो. डार्विनने १८७७च्या पुस्तकात हे तपशिलाने मांडलंय. आपल्या कुंडीतली सगळी झाडं एकाच कंदाची लेकरं, म्हणून वाढ पिल्लांनीच.

आणि ही पिल्लं सांभाळायची गोष्ट आहे. मेक्सिकोची गुलाबी लॅटिफोलिया निलगिरीत अशीच पसरून तण झाली. खुरपणी केली की तिची कंदुल्यं आणखी विखुरतात. ऑक्झॅलिस कुंडीतच ठेवा, वाफ्यात नको. जुनी माती बांधावर किंवा उकिरड्यावर ओतू नका, शेणखताबरोबर ती थेट वावरात जाईल. आधी चाळणीने चाळा, पिल्लं वेचून घ्या, मग माती पुन्हा कुंडीतच वापरा.

पुढच्या आठवड्यात भुईचाफा.