लक्षात कोण ठेवतं?

गेल्या साठ वर्षांत मराठी मध्यमवर्गीय घरातल्या आईच्या हातांचं काम किती कमी झालं, हे मी तीन स्वयंपाकघरांत उभं राहून पाहिलं आहे. गिरगावच्या चाळीत आईचं, डोंबिवलीत माझं आणि आता पुण्यात लेकीचं. आई रॉकेलच्या स्टोव्हवर रांधायची, पाट्यावर वाटायची आणि पावसाळ्यात आमची दुपटी खोलीभर बांधलेल्या दोरीवर वाळवायची. माझ्याकडे गॅस, कुकर, मिक्सर आले. लेकीकडे किराणा दारात येतो आणि कपडे मशीन धुतं. हे सगळं फार चांगलं झालं, जुन्या कष्टांचे गोडवे मला गायचे नाहीत. पण एक काम आईकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून लेकीकडे जसंच्या तसं आलं, किंबहुना येताना वाढलं. घरातल्या सगळ्यांचं सगळं लक्षात ठेवायचं काम.

माझा जन्म १९६४ चा, आजोळी मिरजेला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा तेव्हाचा रिवाज. सव्वा महिना आईला उठू दिलं नव्हतं. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, जेवणावर बाळंतशोपा. बाळाला न्हाऊ घालायला बाई यायची, धुरी आजी स्वतः द्यायची. गुटीसाठी वेखंड, हळकुंड, मुरुडशेंग, जायफळ, खारीक, बदाम हे सहाणेवर उगाळताना कशाचे किती वळसे द्यायचे हे आजीला तोंडपाठ होतं. बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, असं आता डॉक्टर सांगतात आणि लेकीने ते पाळलं. योग्यच केलं. गुटी गेली याचं मला वाईट वाटत नाही. पण त्या सव्वा महिन्यात बाळाची काळजी वाहणारं दुसरं एक माणूस घरात होतं आणि त्याला काही सांगावं लागत नव्हतं, ही गोष्ट मात्र मोलाची होती.

चाळीत परतल्यावरही आईच्या मदतीला हात पुष्कळ होते. शेजारच्या वहिनी मला कडेवर घेऊन हिंडायच्या, समोरच्या आजी भरवायच्या. दुपारी आकाशवाणीवर ‘वनिता मंडळ’ लागलं की आई निवडायच्या तांदळाची ताटली घेऊन दारात बसायची आणि तेवढा वेळ तिचा असायचा. तिच्या चेहऱ्यावरचा तो निवांतपणा मला आजही आठवतो. पण आरे दुधाचं कार्ड, रेशनवर साखर येण्याचा दिवस, आमच्या फिया, कुणाचं जावळ, कुणाचं बोरनहाण, नणंदेच्या मुलीची मंगळागौर, सासऱ्यांचं औषध हे सगळं एकट्या तिच्या डोक्यात असायचं. १९७३ साली कालनिर्णय निघालं आणि आमच्या भिंतीवर आलं. तिथी-वार बघायला वडील, दुधाचा खाडा मांडायला आई. काही वर्षांतच त्या चौकोनांमध्ये तिच्या बारीक अक्षरात अख्खं घर मावलेलं असायचं. वडील प्रेमळ होते, आम्हाला शिकवायला बसायचे. त्या चौकोनांत त्यांच्या अक्षरातली एकही नोंद मला आठवत नाही.

आई घरी होती म्हणून तेव्हा सगळ्याच आया घरी होत्या, असं मात्र कुणी समजू नये. आमच्यापासून थोड्या अंतरावर लालबाग-परळच्या गिरण्यांत बायका त्याआधी कितीतरी वर्षं राबत होत्या. मूल रडू नये, निजून राहावं म्हणून कामावर जाताना त्याला अफूची बाळगोळी चारायची, हे १९२० च्या दशकातल्या पाहण्यांत नोंदलेलं आहे. गिरणीतल्या आईचं मन दगडाचं नव्हतं. मूल ठेवायला तिला जागाच नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभाच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला, तेव्हा या खर्चाचा मोठा भार सरकारने उचलावा असं त्यांनी सांगितलं होतं. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने कायदा केला, तो देशातला पहिला. मूल जन्माला घालणं हे एकट्या आईचं खासगी काम नाही, हे आपल्याकडे तेव्हाच मांडून झालं होतं. त्याला आता शंभर वर्षं होत आली.

माझी लेक १९९१ ला झाली. मी फोर्टमध्ये एका बँकेत होते. १९६१ च्या कायद्याने बारा आठवड्यांची रजा दिली होती, म्हणजे मूल मान धरू लागतं न लागतं तोच कामावर हजर. पहिल्या आठवड्यात दुपार झाली की पान्हा फुटायचा, ब्लाउज भिजायचा आणि मी फाइल छातीशी धरून काउंटरवरून उठायचे. हिरकणी कक्ष वगैरे नंतरच्या काळातले. रायगडाचा कडा उतरून बाळाकडे गेलेल्या त्या गवळणीचं नाव अशा खोल्यांना द्यावं असं ज्यांच्या मनात आलं, त्यांना मी दुवा देते.

आणि मग पाळणाघर. डोंबिवलीसारख्या गावाचा इतिहास लिहायचा तर निम्मी पानं लोकलला आणि निम्मी पाळणाघरांना द्यावी लागतील. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडक्यांना जाळी, भिंतीशी सतरंज्यांची चळत, दारात छोट्या चपलांची रांग. आमच्या पाळणाघराच्या काकू जुन्या मॅट्रिक होत्या. कुणाला दही चालत नाही, कोण पालथं झोपतं, कुणाची आई संध्याकाळी उशिरा येते म्हणून त्याला सहाला परत खायला द्यायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. याच कोकण पट्ट्यात, बोर्डीला आणि पुढे कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात जाऊन बालवाडी भरवली. त्यातूनच अंगणवाडीची कल्पना रुजली आणि १९७५ पासून केंद्राच्या योजनेतून ती देशभर पोचली. तरीही अंगणवाडी सेविकेला आजदेखील पगार मिळत नाही, मानधन मिळतं. पाळणाघराच्या काकूंना तर शिक्षिका म्हणायचं कुणाला सुचलंसुद्धा नाही. मूल सांभाळणं हे शिकून, मन लावून करायचं काम आहे हे आपण मनापासून मानलेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्या वर्षांचा आनंद लोकलच्या डब्यात होता. ५ मे १९९२ ला पश्चिम रेल्वेवर लेडीज स्पेशल धावली, पुढे आमच्या मध्य रेल्वेवरही आली. डब्यात मेथी निवडून व्हायची, गवार मोडून व्हायची. पण त्याहून मोठा व्यवहार म्हणजे एकमेकींच्या मुलांची खबरबात. गोवर उठलाय तर काय करायचं, कुठल्या शाळेचे फॉर्म निघाले, दात येताना ताप आला तर घाबरायचं की नाही. दुसऱ्या वेळी दिवस गेले तेव्हा आमच्या ग्रुपने धावत्या गाडीत माझं डोहाळजेवण केलं. फुलांची वाडी भरली, ओटी भरली, एकीने घरून पुरणपोळ्या आणल्या होत्या. ठाण्याला चढलेल्या अनोळखी बायकासुद्धा ओटी भरून गेल्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर समारंभांपैकी तो एक.

२६ जुलै २००५ बद्दल जरा सविस्तर लिहायला हवं. मंगळवार होता. दुपारी पाऊस सुरू झाला आणि त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला. गाड्या थांबल्या, फोन मुके झाले. मुलगा तेव्हा आठ वर्षांचा, शाळा सुटल्यावर काकूंकडे असायचा. मुलगी शिबिराला नाशिकला होती, यजमान ठाण्यात अडकलेले. आम्ही बँकेतल्या बायका रात्रभर टेबलांवर बसून होतो. त्या रात्री आम्ही काय बोललो? आपण घरी कशा पोचणार हे फारसं कुणी बोललंच नाही. एकीच्या मुलाचा दम्याचा पंप घरी राहिला होता. एकीची मुलगी अंधाराला घाबरते. माझा मुलगा गोधडीचं विशिष्ट टोक हातात असल्याशिवाय झोपत नाही आणि ती गोधडी घरात कुलूपबंद. प्रत्येकीच्या डोक्यात आपापल्या मुलाची अशी एक न लिहिलेली यादी होती आणि ती आपल्याशिवाय जगात कुणाजवळच नाही, या भीतीने आमचा जीव वरखाली होत होता.

दुसऱ्या दिवशी काही ट्रकने, बरंचसं चालत, कंबरेएवढ्या पाण्यातून मी डोंबिवलीला पोचले. काकूंकडची सगळी मुलं ठणठणीत होती. वीज नव्हती, तर मेणबत्त्या लावून त्यांनी मुगाची खिचडी केली होती, गाण्याच्या भेंड्या लावल्या होत्या. माझ्या मुलाला झोपताना त्यांनी आपल्या लुगड्याचं टोक हातात दिलं होतं. मी त्यांना ते कधी सांगितलं नव्हतं. दुपारच्या झोपेच्या वेळी त्यांनी पाहिलं होतं आणि लक्षात ठेवलं होतं. मी त्यांच्या पायाशी बसून रडले. यादी दुसऱ्याकडेही असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

लेकीला बाळ झालं २०१८ ला. त्याच्या आदल्या वर्षी कायदा बदलला होता. पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची रजा, ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय. तिला रजा पूर्ण मिळाली आणि बाळ बसायला लागलेलं तिने डोळे भरून पाहिलं. मला ते मिळालं नव्हतं, तिला मिळालं, याचा आनंद शब्दांत सांगता येत नाही. पण तिच्याकडे धुणं-भांडी करणारी बाई आहे, तिच्या हाती यातलं काहीच पडलं नाही. ती बाळंत होऊन दीड महिन्यात कामावर आली, तान्हं मूल थोरल्या मुलीपाशी ठेवून. ती थोरली शाळेत जायच्या वयाची होती.

बाप मात्र बदलला आहे, हे मी कौतुकाने सांगते. माझा जावई डायपर बदलतो, बाळाला न्हाऊ घालतो, उपमा उत्तम करतो. माझ्या वडिलांना यातलं काही जमलं नसतं आणि त्यांच्याकडून कुणी अपेक्षाही केली नसती. पण तो लेकीला विचारतो, ‘‘लस कधी आहे गं?’’, ‘‘उद्या डब्यात काय द्यायचं?’’, ‘‘वाढदिवसाला काय न्यायचं?’’ उत्तर मिळालं की काम चोख करतो. उत्तर मात्र दर वेळी तिच्याकडे तयार असावं लागतं. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन्ही पालक असतात, ‘उद्या पिवळा शर्ट’ हा निरोप वाचून कपाट उघडते ती आईच. २०२० च्या टाळेबंदीत दोघंही घरून काम करत होते, एकाच छताखाली, सारख्याच तासांच्या नोकऱ्या. तरी भूक लागली, पडलं, कंटाळा आला की मूल तिच्याच खोलीचं दार वाजवायचं, कारण उत्तर तिथे मिळतं हे दोन वर्षांच्या पोरालाही कळलं होतं.

सरकारी आकडे हेच सांगतात. २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जात होता, तेच काम करणाऱ्या पुरुषांचा ९७. २०२४ च्या पाहणीत बायकांचा वेळ २८९ वर आला आणि पुरुषांचाही ८८ वर उतरला. म्हणजे बायकांच्या वाट्याची दहा मिनिटं कमी झाली ती काही पुरुषांनी उचलली म्हणून नव्हे. आणि ही मिनिटं हातांनी केलेल्या कामाची. ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून मनातल्या मनात जंताचं औषध, ट्रिपचे पैसे आणि सासूबाईंच्या डोळ्यांची तपासणी यांची जुळणी करणाऱ्या बाईचा तो वेळ कुठल्या रकान्यात धरायचा?

कागदावर आई हळूहळू दिसू लागली आहे, तेही थोडं नाही. १९८४ साली एका आईने अल्पवयीन मुलाच्या नावे रोख्यांसाठी अर्ज केला, तेव्हा वडिलांची सही मागण्यात आली. गीता हरिहरन यांचं ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९९ च्या निकालाने आईलाही पालक म्हणून उभं राहता आलं. आता महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहिलं जातं. माझ्या आईचं नाव माझ्या एकाही दाखल्यावर नाही. धाकट्या नातीच्या दाखल्यावर लेकीचं आहे, तो मी हातात घेऊन पुन्हा पुन्हा वाचला.

माझं सांगणं आता तरुण बापांना आहे. ‘‘मदत लागली तर सांग,’’ असं बायकोला म्हणू नका. मुलाच्या आयुष्यातली एखादी बाब पूर्णपणे स्वतःकडे घ्या: लसीकरण म्हणा, डबा म्हणा, शाळेचे निरोप म्हणा. ती तारीख तुमच्याच डोक्यात राहू द्या. चुकली तर डॉक्टरांना फोन तुम्ही करा, विसरली तर रात्री दहाला पिवळा शर्ट तुम्ही शोधा. आणि जावयाने डब्याचं काम घेतलंच, तर त्यात काय आहे हे लेकीला रोज विचारू नका, अशी तिच्या आईला, म्हणजे आम्हा आज्यांनाही विनंती आहे.