एका सेकंदाची बारा छायाचित्रे

आपल्या शाळेत सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यांना प्लॅस्टिकच्या जोडठोकळ्यांपासून लहान चित्रपट तयार करण्यास आम्ही शिकवितो. या उपक्रमाविषयी पालकसभेत एक प्रश्न हमखास येतो : मुले येथे शिकायला पाठविली, ठोकळे खेळायला नव्हे. हा प्रश्न रास्त आहे. ऊसतोडीला वा वीटभट्टीवर जाणारे आईवडील पोटच्या लेकराला सहा-सहा महिने दृष्टीआड ठेवतात, ते त्याच्या शिक्षणासाठी. त्या दुराव्याचा हिशेब मागण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे. तो हिशेब मांडण्यासाठीच हा लेख.

प्रथम या कलेचे तंत्र पाहू. चित्रपटात दिसणारी हालचाल ही वस्तुतः स्थिर छायाचित्रांची मालिका असते. चित्रपटगृहात एका सेकंदात अशी २४ चित्रे डोळ्यांसमोरून जातात आणि आपले मन त्यांना एकसंध गती म्हणून स्वीकारते. स्टॉप-मोशन पद्धतीत वस्तू स्वतः हलत नाही. तिचे छायाचित्र घ्यायचे, तिला किंचित सरकवायचे, पुन्हा छायाचित्र घ्यायचे. मुलांसाठी आम्ही सेकंदाला १२ छायाचित्रे हे प्रमाण ठरविले आहे. दीड मिनिटाच्या चित्रपटास १,०८० छायाचित्रे लागतात, आणि त्यातील प्रत्येकासाठी कोणाचा तरी हात पुढे येऊन मागे जावा लागतो.

ही कला महाराष्ट्राला नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी चित्रपटनिर्मितीसाठी भांडवल उभे करताना कुंडीतील वाटाण्याच्या रोपाची वाढ थोड्या थोड्या अंतराने चित्रित केली होती. १९१५ साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात आगकाड्या हलत्या करून दाखविल्या. एक काडेपेटी आणि अपार चिकाटी एवढ्यावर जे साधले, तेच आज ठोकळ्यांनी साधता येते. ठोकळ्यांची सोय अशी की ते एकमेकांना घट्ट धरून राहतात. हात लागला तरी उभे केलेले दृश्य सहसा कोसळत नाही. डेन्मार्कच्या लेगो कंपनीने १९५८ साली ज्या रचनेचे पेटंट नोंदविले, तीच ही पकड.

कथेसाठी आम्ही बहुधा जातककथांकडे वळतो. निग्रोधमृग जातक मुलांना विशेष प्रिय आहे. वाराणसीच्या राजाच्या शिकारीसाठी रोज एका हरणाची पाळी येते. एके दिवशी ती गाभण हरिणीवर येते. तिच्या कळपाचा प्रमुख तिला पाळी बदलून देत नाही. तेव्हा दुसऱ्या कळपाचा राजा निग्रोध स्वतःची मान ठोकळ्यावर ठेवतो. ते पाहून राजाचे हृदयपरिवर्तन होते आणि सर्व हरणांना अभय मिळते. याच कथेवर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनने १९५७ साली 'द बनियन डिअर' हा हाताने रेखाटलेला चलच्चित्रपट काढला होता. आपली मुले तीच कथा तपकिरी ठोकळ्यांच्या हरणांतून सांगतात.

कामाचा क्रम असा. आधी कथा आठ चौकटींत कागदावर रेखाटायची. मग टेबलावर दृश्य मांडून त्याचा पाया चिकटपट्टीने पक्का करायचा आणि मोबाईल स्टँडवर घट्ट बसवायचा. खिडक्या बंद करून एकाच दिव्याचा उजेड ठेवायचा. सूर्यप्रकाश दर मिनिटाला बदलतो आणि पडद्यावर तो बदल लुकलुकण्याच्या रूपाने उमटतो. प्रत्येक गटात चार मुले असतात : एक ठोकळे सरकविणारा, एक छायाचित्र घेणारा, एक नोंद ठेवणारा आणि एक देखरेख करणारा. देखरेख करणाऱ्याने 'हात बाहेर!' म्हटल्याशिवाय छायाचित्र घेतले जात नाही. दर सत्रात या जबाबदाऱ्या फिरत राहतात, त्यामुळे वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलालाही 'हात बाहेर!' म्हणण्याची पाळी येते आणि सारा गट त्याचे ऐकतो.

येथेच गणित प्रवेश करते. ठोकळ्यावरील दोन लगतच्या खुंट्यांच्या मध्यांतील अंतर ८ मिलिमीटर असते. दर छायाचित्राला हरीण एक खुंटी सरकले, तर सेकंदात ते ९६ मिलिमीटर जाते. दोन छायाचित्रांमागे एक खुंटी सरकविली, तर वेग निम्मा होतो. चरणारे हरीण, दचकलेले हरीण आणि जीव घेऊन पळणारे हरीण यांतील फरक मुलांना खुंट्या मोजून ठरवावा लागतो. वेग, अंतर आणि काळ यांचे नाते ज्यांना फळ्यावर अवघड वाटत होते, ती मुले ते येथे हाताने मांडतात.

परंतु याहून मोलाचा धडा स्थिरतेचा आहे. ठोकळ्यांच्या माणसाचा चेहरा बदलत नाही. त्याचे हात खांद्यातून आणि पाय कमरेतून फिरतात, मान वळते, इतकेच. मग निग्रोधाने मान पुढे केल्यावर राजाच्या मनात काय उलथापालथ झाली, हे दाखवायचे कसे? मुले उत्तर शोधतात : राजाला थांबवायचे. पण किती वेळ? १२ छायाचित्रे म्हणजे एक सेकंद. एका गटाला ते घाईचे वाटले. ४८ घेतल्यावर चित्रपट अडकल्यासारखा दिसला. अखेर ३० वर एकमत झाले, आणि मग राजाचा धनुष्य धरलेला हात हळूहळू खाली आला. क्रूर माणसाला करुणेपर्यंत यायला किती अवधी लागतो, या प्रश्नावर तेरा वर्षांची मुले अर्धा तास वाद घालत होती. धम्मवर्गात आम्ही करुणेची व्याख्या सांगतो. येथे तिचा कालावधी त्यांना स्वतः ठरवावा लागला.

आवाज सर्वांत शेवटी मुद्रित होतो. तेथे आमचा एकच नियम आहे : हरणे ज्या मुलाच्या तोंडून बोलतील, त्याच्या घरच्या बोलीत बोलतील. पाठ्यपुस्तकाची भाषा मुलांना आलीच पाहिजे आणि ती आम्ही कसोशीने शिकवितो. पण आईची बोली पडद्यावर ऐकण्याच्या योग्यतेची आहे, हेही मुलाला कळले पाहिजे. संमेलनात गाभण हरिणी आपल्याच गावच्या शब्दांत विनवणी करू लागते, तेव्हा सभामंडपातील माता एकदम शांत होतात.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुट्टीत घरी गेलेल्या मुलाच्या हाती मोबाईल येतो आणि दुसऱ्यांनी तयार केलेली दृश्ये तो तासन् तास पाहत राहतो. आपल्या समाजाची चित्रे पिढ्यान् पिढ्या इतरांनीच रंगविली. ज्याने एकदा १,०८० छायाचित्रे स्वतः जुळविली आहेत, त्याला पडद्यावरील प्रत्येक दृश्यामागे कोणाचा तरी हात असतो, कोणाचा तरी निर्णय असतो, हे आपोआप उमगते. तो पाहताना प्रश्न विचारतो. आणि आपली गोष्ट आपण मांडू शकतो, हा विश्वास घेऊन तो शाळेबाहेर पडतो. पालकांनी ज्या शिक्षणासाठी दुरावा सोसला, त्यात हे बसते, असे आम्हांस वाटते.

माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपल्या घरी मुलांनी खेळून बाजूला ठेवलेले ठोकळे असतील, कॅमेरा चालू असलेला जुना मोबाईल असेल, तर तो शाळेकडे पाठवावा. ठोकळे कोणत्या कंपनीचे आहेत, रंग जुळतात की नाही, याची चिंता नको. आपली हरणे आजवर अनेक रंगांची झाली आहेत.