विश्लेषण : शनीच्या बर्फाळ चंद्रावर सेंद्रिय रेणू! याचा अर्थ तिथे जीवसृष्टी आहे का?

शनीचा एन्सेलॅडस हा चंद्र अवघ्या ५०० किलोमीटर व्यासाचा आहे. मुंबई ते नागपूर हे सरळ रेषेतील अंतरही त्यापेक्षा जास्त भरते. मात्र बर्फाच्या कवचाखाली समुद्र दडवून बसलेल्या या चिमुकल्या चंद्राने शास्त्रज्ञांना पुन्हा कामाला लावले आहे. ‘कॅसिनी’ यानाच्या २००८ मधील नोंदींचे नव्याने विश्लेषण केल्यानंतर तिथे कार्बनयुक्त गुंतागुंतीच्या रेणूंचे आणखी काही प्रकार आढळले. हे संशोधन ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘नेचर अ‍ॅस्ट्रॉनॉमी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे रेणू नेमके आले कुठून, यावर मात्र मतभेद आहेत.

एन्सेलॅडसवर नेमके आहे काय?

कॅसिनी यान १९९७ मध्ये झेपावले आणि २००४ मध्ये शनीच्या कक्षेत पोहोचले. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवाजवळ बर्फाला पडलेल्या लांबलचक भेगांमधून वाफ आणि हिमकणांचे फवारे अवकाशात उडत असल्याचे २००५ मध्ये दिसून आले. वाघाच्या अंगावरील पट्ट्यांसारख्या दिसणाऱ्या या भेगांना ‘टायगर स्ट्राइप्स’ म्हणतात. बर्फाच्या कवचाखाली संपूर्ण चंद्राला वेढणारा खारा समुद्र आहे, हे नंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले. फवाऱ्यातील काही कण पुन्हा पृष्ठभागावर पडतात, तर काही शनीभोवतीच्या ‘ई’ कड्यात जाऊन मिसळतात. थोडक्यात, बर्फ न खोदताच तिथल्या समुद्राचा नमुना अवकाशात मिळतो.

सतरा वर्षे जुन्या नोंदींतून नवे काय सापडले?

कॅसिनीवर धूलिकणांचे विश्लेषण करणारे एक उपकरण होते. हिमकण त्यातील धातूच्या पट्टीवर आदळला की त्याची वाफ होते आणि त्यातील रेणूंचे विद्युतभारित तुकडे सुटे होतात. हे तुकडे ठरावीक अंतर किती वेळात कापतात, यावरून त्यांचे वस्तुमान कळते. हलका तुकडा आधी पोहोचतो, जड तुकडा नंतर.

यात अडचण अशी, की कण कमी वेगाने आदळला तर पाण्याचे रेणू एकत्र येऊन त्यांचे पुंजके बनतात आणि सेंद्रिय रेणूंच्या खुणा त्याखाली झाकल्या जातात. ऑक्टोबर २००८ मध्ये यान थेट फवाऱ्यातून गेले, तेव्हा कण सेकंदाला सुमारे १८ किलोमीटर वेगाने आदळले. इतक्या वेगात पुंजके बनत नाहीत आणि लपलेल्या खुणा उघड होतात. बर्लिनच्या फ्राय विद्यापीठातील नोझैर ख्वाजा आणि सहकाऱ्यांनी याच नोंदी तपासल्या. त्यात एस्टर, ईथर आणि वलयाकार रचना असलेल्या संयुगांच्या खुणा मिळाल्या. नायट्रोजन आणि ऑक्सिजन असलेल्या संयुगांचेही संकेत दिसले.

मग ही जीवसृष्टीची खूण मानायची का?

नाही. रसायनशास्त्रात ‘सेंद्रिय’ म्हणजे मुख्यतः कार्बन आणि हायड्रोजन यांच्या जोडणीतून बनलेले. त्यासाठी सजीव असण्याची गरज नाही. उल्का आणि धूमकेतूंमध्येही असे रेणू सापडतात. तरीही एन्सेलॅडसची यादी लक्षवेधी आहे. तिथे पाणी आहे. फवाऱ्यात हायड्रोजन वायू आढळल्याचे २०१७ मध्ये जाहीर झाले. समुद्रतळाशी गरम पाणी आणि खडक यांच्यात रासायनिक क्रिया सुरू असल्याचे ते लक्षण मानले जाते. रेणुभार २०० पेक्षा जास्त असलेले मोठे सेंद्रिय रेणू २०१८ मध्ये, तर डीएनएच्या साखळीला लागणाऱ्या फॉस्फरसची संयुगे २०२३ मध्ये नोंदली गेली. शिधा भरलेले स्वयंपाकघर सापडले आहे, तिथे कोणी राहते का हे अजून कळलेले नाही.

शंका कशाची आहे?

बर्फाळ पिंडांवर सेंद्रिय रेणू तयार व्हायला समुद्र लागतोच असे नाही. मिथेनसारखी कार्बनयुक्त संयुगे असलेल्या बर्फावर किरणोत्सर्गाचा मारा होत राहिला तरी ते बनतात. प्लूटोवरील तांबूस पट्टे आणि ‘न्यू होरायझन्स’ यानाने १ जानेवारी २०१९ रोजी जवळून पाहिलेल्या अ‍ॅरोकॉथचा लालसर रंग ही त्याची ठळक उदाहरणे. अशा लाल-तपकिरी चिकट पदार्थाला ‘थोलिन’ हे नाव कार्ल सेगन आणि भारतात जन्मलेले रसायनशास्त्रज्ञ बिशुन खरे यांनी १९७९ मध्ये दिले.

एन्सेलॅडसच्या बाबतीत हाच प्रश्न इटलीतील संशोधक ग्रेस रिचर्ड्स आणि सहकाऱ्यांनी विचारला. पाणी, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि अमोनिया यांचा बर्फ उणे २०० अंश सेल्सिअसपर्यंत थंड करून त्यांनी हंगेरीतील प्रयोगशाळेत त्यावर आयनांचा मारा केला. शनीच्या परिसरातील विद्युतभारित कण एन्सेलॅडसवर असाच मारा करत असतात. प्रयोगात अमिनो आम्लांच्या आधीच्या टप्प्यातील रेणूंसह अनेक संयुगे तयार झाली. म्हणजे फवाऱ्यातील काही रेणू समुद्रातून न येता पृष्ठभागावर किंवा भेगांच्या कडांवर बनलेले असू शकतात.

मग कोणाचे खरे?

दोन्ही अभ्यास एकमेकांना खोटे ठरवत नाहीत. ‘ई’ कड्यातील कण अवकाशात दीर्घकाळ किरणोत्सर्ग झेललेले असतात. २००८ चे कण मात्र फवाऱ्यातून बाहेर पडून काही मिनिटेच झालेले होते. कड्यात दिसलेले काही रेणू या ताज्या कणांतही सापडल्याने, ते कड्यात फिरताना तयार झाले ही शक्यता मागे पडते. भेगेच्या तोंडाशीच बनले असण्याची शक्यता मात्र शिल्लक राहते. ती तपासायला कॅसिनीची उपकरणे पुरेशी नाहीत. यानाची आखणी झाली तेव्हा या फवाऱ्यांची कल्पनाच कोणाला नव्हती. शिवाय इंधन संपत आल्याने सप्टेंबर २०१७ मध्ये यान शनीच्या वातावरणात सोडून देण्यात आले. एन्सेलॅडस पृथ्वीवरील जंतूंनी दूषित होऊ नये, हा त्यामागचा एक हेतू होता.

पुढे काय?

‘नासा’चे ‘युरोपा क्लिपर’ यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून ते २०३० मध्ये गुरूजवळ पोहोचणे अपेक्षित आहे. गुरूच्या युरोपा या बर्फाळ चंद्राभोवतीचे कण तपासण्यासाठी त्यावर कॅसिनीपेक्षा प्रगत धूलिकण विश्लेषक आहे. एन्सेलॅडससाठी युरोपीय अवकाश संस्था स्वतंत्र मोहिमेची तयारी करत आहे. फवाऱ्यातून उड्डाण आणि दक्षिण ध्रुवाजवळ उतरणे, असा तिचा आराखडा आहे. मात्र प्रक्षेपण २०४० च्या दशकात आणि यान पोहोचणार त्यानंतर दहाएक वर्षांनी. फवाऱ्याच्या तोंडाशी उतरून केलेली ती तपासणीच समुद्र की किरणोत्सर्ग, या वादाचा निकाल लावू शकेल. ते नमुने तपासणारे अनेक शास्त्रज्ञ आज कदाचित शाळेत असतील.