ढकलता येते, ओढता येत नाही

व्यापारी घरात गोदाम म्हणजे काय हे लहान मुलालाही शिकवावे लागत नाही. कोणती थप्पी आत लावायची, कोणती दाराशी ठेवायची आणि हमालांना वाट कोठून सोडायची, यावर हंगामात दिवसाचे कितीतरी तास वाचतात किंवा वाया जातात. हीच साधी अडचण घेऊन एका जपानी गृहस्थांनी चाळीसहून अधिक वर्षांपूर्वी संगणकावरचे एक कोडे रचले. त्याचे नाव ‘सोकोबान’. जपानी भाषेत या शब्दाचा अर्थच गोदामाचा राखणदार असा आहे.

हिरोयुकी इमाबायाशी यांना हा खेळ १९८१ साली सुचला. पुढच्या वर्षी, १९८२ मध्ये, जपानमधील ताकाराझुका येथील त्यांच्या ‘थिंकिंग रॅबिट’ या कंपनीने तो बाजारात आणला. त्या काळचे संगणक आजच्या साध्या मोबाइलच्या तुलनेतही फार दुबळे होते. तरीही हा खेळ टिकला, देशोदेशी पोचला आणि आज तो मोबाइलवरही अनेक नावांनी सहज मिळतो.

त्याचे नियम पाच मिनिटांत समजतात. पडद्यावर वरून पाहिलेले गोदाम दिसते. चौकोनी फरश्यांची जमीन, भोवती भिंती, काही खोकी आणि तितक्याच खूण केलेल्या जागा. राखणदार चारही दिशांना एकेक घर चालतो. समोर खोके आले आणि त्याच्या पलीकडचे घर रिकामे असेल, तर खोके एक घर पुढे सरकते. एका वेळी एकच खोके ढकलता येते. दोन एकामागे एक असतील तर ती हलत नाहीत. ओढण्याची तर सोयच नाही. सर्व खोकी खुणांवर गेली की ती पायरी पार झाली. येथे घड्याळ धावत नाही, फासे पडत नाहीत, समोर प्रतिस्पर्धी बसलेला नसतो. जे काही आहे ते पहिल्या क्षणापासून डोळ्यांसमोर उघडे असते.

एवढा सरळ खेळ माणसाला इतका का छळतो, याचे उत्तर त्या एका नियमात आहे. ढकलता येते, ओढता येत नाही. खोके एकदा कोपऱ्यात गेले की ते कायमचे तेथेच राहते, कारण त्याला बाहेर लोटण्यासाठी राखणदाराला उभे राहायला जागाच उरत नाही. सरळ भिंतीला टेकलेले खोके भिंतीलगत इकडेतिकडे सरकवता येते, पण भिंतीपासून दूर घेता येत नाही. त्या भिंतीलगत खूण नसेल तर तेही गेले. भिंतीला टेकून दोन खोकी एकमेकांना चिकटली, तर दोघांपैकी एकही हलत नाही. चार खोक्यांचा चौकोन मोकळ्या जागेतही दगडासारखा घट्ट बसतो. खेळात यालाच कोंडी म्हणावे लागेल.

कोपऱ्यातली कोंडी लगेच दिसते आणि नवखा खेळाडू ती दोन दिवसांत टाळायला शिकतो. खरा मनस्ताप लांबच्या कोंडीचा असतो. मूळ खेळाच्या पहिल्याच पायरीत सहा खोकी आहेत आणि ती एका अरुंद बोळातून टोकाच्या खोलीत न्यायची आहेत. हे काम कमीत कमी ९७ ढकलण्यांत होते. चालण्याची पावले त्याच्या दुपटीहून अधिक पडतात. इतक्या लांबच्या कामात विसाव्या ढकलण्याला झालेली चूक ऐंशीव्या ढकलण्याला उघडकीस येते. पाच खोकी जागेवर बसलेली असतात, सहाव्याला वाट नसते, आणि खेळाडू त्या सहाव्याकडेच रागाने पाहत राहतो.

ज्यांनी हाताने वह्या लिहिल्या आहेत त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. रोजकीर्द झाली, खतावणी झाली आणि वर्षअखेरीस तेरीज जुळत नाही. फरक शेवटच्या पानावर दिसतो, पण चुकीची नोंद कोठेतरी श्रावणातली असते. शेवटच्या पानावरचा आकडा खोडून दुसरा लिहिल्याने वही जुळल्यासारखी दिसते, खरी होत नाही. सोकोबानमध्ये तर तसे खोडण्याचीही मुभा नाही. बहुतेक आवृत्त्यांत एकेक पाऊल मागे घेण्याची कळ असते, हे खरे. अधीर माणूस ती दोन-तीनदा दाबतो आणि पुन्हा त्याच भिंतीवर येऊन आदळतो. शांत माणूस मागे मागे जात राहतो आणि कोठपर्यंत सारे ठीक होते हे शोधतो. या दोन सवयींमध्ये जे अंतर आहे, तेच या खेळाचे खरे शिक्षण.

कोंडीत अनेकदा सापडल्यानंतर खेळाडूची दृष्टी बदलू लागते. तो पहिले खोके कोणते ढकलू, असे विचारीनासा होतो. शेवटी कोणते खोके कोठे बसलेले असेल, त्याआधी कोणते बसले असले पाहिजे, असा तो उलटा हिशेब मांडतो. एकाच दाराच्या अरुंद खोलीत सर्वांत आतली जागा आधी भरावी लागते. दाराशी पहिले पोते टाकणाऱ्याला आतली मोकळी जागा नुसती पाहत बसावे लागते. काही वेळा हातात आलेले खोके खुणेवर सहज बसत असतानाही त्याला बाजूला थांबवून आधी दुसऱ्याला वाट द्यावी लागते. जवळचा लाभ दिसत असूनही हात आवरणे या खेळात पदोपदी घडते. आणि ज्या क्षणी ही मांडणी मनात स्पष्ट होते, तेव्हा शेवटच्या वीस-तीस चाली बोटांखालून सरसर निघतात. त्या समाधानात दैवाचा वाटा नसतो, म्हणून ते पुरते आपले असते.

हे कोडे माणसालाच अवघड जाते असे नाही. कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोसेफ कल्बर्सन यांनी १९९७ साली सिद्ध केले की सोकोबान हा संगणकशास्त्रातील अतिशय कठीण प्रश्नांच्या वर्गात मोडतो. गोदाम मोठे होत गेले की कोणतीही मांडणी झटपट सोडवून देणारी एक ठरावीक रीत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही. त्याच वर्षी ‘डीप ब्लू’ या संगणकाने बुद्धिबळातील विश्वविजेते गॅरी कास्पारोव्ह यांना हरवले होते. परंतु सोकोबानच्या ९० प्रसिद्ध पायऱ्यांचा संच मात्र संगणकांना दाद देत नव्हता. त्याच विद्यापीठातील अँड्रियास युंगहान्स आणि जोनाथन शेफर यांच्या ‘रोलिंग स्टोन’ या आज्ञावलीने निम्म्याहून अधिक पायऱ्या सोडवल्या, सगळ्या नव्हेत. सर्वच्या सर्व ९० सोडवणारी ‘फेस्टिव्हल’ ही आज्ञावली २०२० च्या सुमारास पुढे आली. तेव्हा एखाद्या पायरीवर चार संध्याकाळी अडून राहिलेल्या माणसाने स्वतःला मंदबुद्धी समजण्याचे कारण नाही.

घरातील वडीलधारी मंडळी मोबाइलवरच्या खेळांकडे संशयाने पाहतात आणि त्याला आधार आहे. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांनी कित्येक घरांत कर्ज आणि कलह आणला. अखेर २०२५ साली केंद्र सरकारला त्यांवर बंदीचा कायदा करावा लागला. सोकोबान त्या जातीचा नाही. यात पणाला लागतो तो फक्त वेळ. पण वेळ हेही मुद्दलच आहे, आणि ‘ही एकच पायरी’ म्हणत रात्रीचा एक वाजवणारे लोक याही खेळात असतात. खेळून कोणी धंद्यात हुशार होतो असा दावाही करू नये. बाजारात खोकी स्थिर नसतात आणि भिंती रोज हलतात.

तरीही आजोबा आणि नातवंडे एका पडद्यापुढे बसून करू शकतील अशा मोजक्या खेळांत याची गणना करावी लागेल. कोणाला घाई नसते, वयाचा अडसर नसतो. नातवाचे बोट चपळ असते, आजोबांना थांबण्याची सवय असते. नातू खोके ढकलायला निघाला की आजोबांनी एवढेच विचारावे, ‘बाळा, हे तिकडे गेल्यावर परत आणता येईल का?’ उत्तर ‘नाही’ असेल, तर ढकलण्यापूर्वी दोघांनी मिळून गोदामाकडे पुन्हा एकदा नीट पाहावे.