मत न मागता पंतप्रधान झालेले लोक जनतेला काय सांगतात?

निवडणूक जवळ आली की आपल्या घराघरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "हे पुढारी सगळे सारखेच. त्यापेक्षा एखादा शिकलेला, हुशार माणूस आणून बसवा खुर्चीवर, बघा कारभार कसा सुधारतो!" वाक्य टाकून माणूस मोकळा होतो. काही देशांनी मात्र हे खरंच करून पाहिलं आहे. बँकेचे गव्हर्नर, प्रोफेसर, इंजिनिअर असे लोक एकही निवडणूक न लढता पंतप्रधान झाले. त्यांना टेक्नोक्रॅट म्हणतात, म्हणजे तज्ज्ञ राज्यकर्ते.

पुढारी निदान एवढं म्हणू शकतो की "मला लोकांनी निवडून दिलंय." ज्याला कुणीच निवडून दिलेलं नाही, तो लोकांच्या खिशाला हात घालताना काय सांगतो? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा प्रश्न नसतो, म्हणून आज आम्ही इथे घेतो आहोत.

यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण इटलीचं. २०११ च्या नोव्हेंबरात इटलीच्या सरकारला कर्ज घ्यायचं तर ७ टक्क्यांहून जास्त व्याज द्यावं लागत होतं. देश दिवाळखोरीकडे चालला अशी भीती पसरली. पंतप्रधान बर्लुस्कोनी यांनी राजीनामा दिला आणि राष्ट्राध्यक्षांनी मारिओ मोंती यांना बोलावलं. मोंती अर्थशास्त्राचे प्रोफेसर आणि युरोपियन कमिशनचे माजी आयुक्त. त्यांच्या मंत्रिमंडळात एकही पक्षाचा पुढारी नव्हता. पण हे सरकार बेकायदा मुळीच नव्हतं. तिथे राष्ट्राध्यक्ष पंतप्रधान नेमतात आणि संसद विश्वासमत देते. सिनेटमध्ये मोंतींच्या बाजूनं २८१ मतं पडली, विरोधात फक्त २५.

मोंतींनी सिनेटला तीन शब्द दिले: शिस्त, वाढ आणि न्याय. पंतप्रधान आणि अर्थमंत्री म्हणून मिळणारा पगार आपण घेणार नाही, असंही त्यांनी जाहीर केलं. डिसेंबरमध्ये कर वाढवणारा आणि पेन्शन कापणारा हुकूम निघाला, तेव्हा त्याला नाव मिळालं 'इटली वाचवा'. आता या नावाकडे जरा नीट बघा. इटली वाचवायला 'नको' कोण म्हणेल? विरोध करणारा आपोआप देश बुडवणारा ठरतो. कर कुणावर किती लावायचा, पेन्शन कुणाची थांबवायची, हे निर्णय दुसऱ्या पद्धतीनंही होऊ शकले असते. पण भाषणात ते मजबुरी म्हणून आले. डॉक्टर म्हणतो, ऑपरेशन करावंच लागेल, आणि पेशंट गप्प बसतो, तसंच काहीसं.

४ डिसेंबरची पत्रकार परिषद मात्र वेगळीच झाली. कामगार मंत्री एल्सा फोर्नेरो, त्याही प्रोफेसर, ठरावीक रकमेवरच्या पेन्शनमध्ये महागाईनुसार होणारी वाढ थांबवतोय हे सांगत होत्या. (महागाई भत्त्याची वाट बघणाऱ्या शिक्षकाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.) 'त्याग' हा शब्द उच्चारताना त्यांना रडू आलं, वाक्य पुरं होईना, शेवटी बाजूला बसलेल्या मोंतींनी ते पूर्ण केलं. काहींना ते अश्रू खरे वाटले, काहींना राग आला. आमच्या मते ते खरेच असावेत. पण अश्रू खरे असले म्हणून निर्णय बरोबर ठरत नाही, आणि टीव्हीवर त्या दिवशी दिसले ते अश्रूच.

हिशोब पुढे आला तो सहा महिन्यांनी. पेन्शनचं वय वाढल्यामुळे एक मोठा गट मधेच लटकला. कंपनीशी करार करून नोकरी सोडलेली, वर्ष-दोन वर्षांत पेन्शन सुरू होईल या भरवशावर बसलेली ही माणसं. आता पगारही नाही, पेन्शनही नाही. असे लोक किती? मंत्री म्हणाल्या ६५ हजार. जून २०१२ मध्ये सरकारच्याच पेन्शन संस्थेचा आकडा बाहेर आला, सुमारे ३ लाख ९० हजार. तज्ज्ञांचं सरकार ज्या एका गोष्टीवर उभं होतं, म्हणजे 'आम्हाला आकडे कळतात', तिथेच घोळ निघाला. या कुटुंबांना सोडवायला पुढे अनेक वर्षं टप्प्याटप्प्यानं कायदे करावे लागले.

मोंती मग २०१३ च्या निवडणुकीत स्वतःची आघाडी घेऊन उतरले. १० टक्क्यांच्या आसपास मतं मिळाली.

पुढे मारिओ द्रागी आले, युरोपियन सेंट्रल बँकेचे माजी प्रमुख. फेब्रुवारी २०२१, कोरोनाचा काळ. मोंतींचं काय झालं हे त्यांनी पाहिलेलं असणार. सिनेटमध्ये ते म्हणाले, या सरकारला कुठलंही विशेषण लावायची गरज नाही, हे देशाचं सरकार आहे. एकी हा पर्याय नाही, कर्तव्य आहे, असंही म्हणाले. 'तज्ज्ञ' हा शब्द मागे गेला, 'देश' पुढे आला. २० जुलै २०२२ ला सरकार डळमळत असताना तर ते सिनेटला म्हणाले, मी इथे आहे तो इटलीच्या लोकांनी मागणी केली म्हणून! एकही मत न मागितलेला माणूस आता थेट जनतेचं नाव घेत होता. सोबतच्या तीन पक्षांनी पाठ फिरवली आणि दुसऱ्याच दिवशी द्रागींनी राजीनामा दिला. सप्टेंबरच्या निवडणुकीत पहिला आला तो जॉर्जिया मेलोनी यांचा पक्ष, द्रागींच्या सरकारबाहेर राहिलेला एकमेव मोठा पक्ष. २०१८ मध्ये त्याला ४ टक्क्यांच्या वर थोडीच मतं होती, आता २६ टक्के झाली.

इटलीत निदान संसद होती. सरकार पाडता येत होतं, मंत्र्याला आकडा विचारता येत होता. संसदच नसेल तर हीच भाषा किती लांब जाते, ते बांगलादेशात दिसलं. जानेवारी २००७ मध्ये आणीबाणी लागली आणि सेंट्रल बँकेचे माजी गव्हर्नर फखरुद्दीन अहमद काळजीवाहू सरकारचे प्रमुख झाले. पाठीशी सैन्य. घटनेप्रमाणे ९० दिवसांत निवडणूक घ्यायची होती. पण आधी भ्रष्टाचार साफ करू, आधी फोटोसह मतदार यादी करू, असं सांगण्यात आलं. यादीचं काम खरंच मोठं होतं आणि ते झालंही, सुमारे ८ कोटी मतदारांचं. मात्र त्याच काळात शेख हसीना आणि खालिदा झिया दोघींना अटक झाली, आणि निवडणूक झाली ती थेट २९ डिसेंबर २००८ ला. ९० दिवसांची जवळपास दोन वर्षं झाली.

ट्युनिशियात उलट घडलं. पक्षांचं भांडण विकोपाला गेलं तेव्हा सगळ्यांनी बसून मशवरा केला आणि जानेवारी २०१४ मध्ये मेहदी जोमा या इंजिनिअरला पंतप्रधान केलं. अट ठरली होती की निवडणूक घ्यायची आणि स्वतः लढवायची नाही. लोक त्यांचं नाव राष्ट्राध्यक्षपदासाठी घेऊ लागले, तेव्हा सप्टेंबरमध्ये त्यांनी नकार जाहीर केला. ऑक्टोबरमध्ये संसदेची, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये नव्या पंतप्रधानांच्या हाती कारभार देऊन जोमा खुर्चीवरून उठले.