स्क्रू झिजला, माप शाबूत

गगनबावडा तालुक्यात पंपाचं नाहीतर उसाच्या चरकाचं काही मोडलं, की मोडका भाग गाडीत टाकून साधारण 55 किलोमीटरवरचं कोल्हापूर गाठायचं. तिथं शिवाजी उद्यमनगर आहे. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार यांच्या पिढीनं या शहरात यंत्रविद्या रुजवली आणि शेतकऱ्याचं ऑइल इंजिन इथं घडू लागलं. अशा कामाच्या छोट्या वर्कशॉपमध्ये हाताचं मिलिंग मशीन हवंच. एचएमटीचं, नाहीतर पंजाबातून आलेलं. जाड बिडाचं, दणकट, कधी कधी चालवणाऱ्यापेक्षाही वयानं मोठं.

ते थकतं आधी टेबलाच्या स्क्रूत. हँडलच्या एका फेऱ्याला टेबल 5 मिलिमीटर सरकतं आणि डायलवरच्या रेषा त्या फेऱ्याचे भाग दाखवतात. म्हणजे स्क्रूच फूटपट्टी! पण बहुतेक काम टेबलाच्या मधल्या भागात होतं, म्हणून स्क्रू मधेच जास्त झिजतो. उलट फिरवताना हँडल पाव फेरा फिरतं तरी टेबल जागचं हलत नाही. जुना मिस्त्री हा प्ले मनात धरून नेहमी एकाच बाजूनं मापावर येतो. ही विद्याच आहे, पण दिवसभर डोक्यात आकडे वागवणं दमवतं.

डीआरओ, म्हणजे टेबलाचं सरकणं आकड्यात दाखवणारा डिजिटल रीडआउट, हे ओझं उतरवतो. त्याची काचेची स्केल थेट टेबलाला बसते. तिच्यावर मिलिमीटरमागे 50 रेषा असतात, म्हणजे दोन रेषांत 20 मायक्रॉन. स्केलवरून सरकणाऱ्या वाचक हेडमधला दिवा तिच्यातून प्रकाश टाकतो आणि पाव अंतरानं मागेपुढे असलेले दोन संकेत उठतात. त्यांतला पुढे कोणता यावरून दिशा कळते, आणि दर रेषेमागे चार गणती करून 5 मायक्रॉनपर्यंत वाचता येतं. स्क्रू कितीही ढिला असो, टेबल सरकलं तेवढाच आकडा बदलतो. 100 मिलिमीटर पीसीडीवर, म्हणजे तेवढ्या व्यासाच्या वर्तुळावर, समान अंतरानं सहा भोकं पाडायची, तर 25 आणि 43.301 हे आकडे कागदावर काढायला नकोत. बटण दाबलं की पडदा प्रत्येक भोकाची जागा सांगतो.

मला हे जोडकाम फार मोलाचं वाटतं, कारण चांगलं बीड भंगारात जात नाही. पण प्ले तसाच राहतो. कटरच्याच दिशेनं फीड दिला तर तो आजही टेबल खेचून घेईल. शिवाय स्केल मोजते टेबलाच्या कडेला, कटर कापतो वर. स्लाइड झिजून टेबल किंचित तिरकं झालं, तर पडद्यावरचा आकडा बरोबर आणि भोक चुकलेलं! अर्न्स्ट आबे यांनी 1890 मध्ये हेच बजावलं होतं: मोजपट्टी मोजायच्या रेषेतच हवी.

म्हणून बसवण्यात घाई नको. स्केल टेबलाच्या चालीला समांतर आहे ना, हे डायल इंडिकेटर फिरवून बघायचं. स्केलचे रबरी ओठ खाली, चिप्स आणि कूलंटपासून दूर. घाटमाथ्याजवळच्या दमट हवेत काचेवर ओल धरू शकते, तिथं चुंबकी पट्टीचा विचार जरूर करावा. शेवटी स्लिप गेज लावून आकडा पडताळायचा. आणि खर्चाला हात आखडता असेल, तर आधी गिब, म्हणजे स्लाइडची ढिलाई काढणारी पट्टी, कसून घ्यावी, स्लाइडचं स्क्रेपिंग करून घ्यावं. डीआरओ त्यानंतरच्या हंगामात बसवला तरी चालेल.