शून्य ऊर्जा शीतकक्ष : कोठे बांधावा, कोठे बांधू नये

लुधियाना येथील केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या देशव्यापी अभ्यासात पेरूचे नुकसान १५.८८ टक्के, तर टोमॅटोचे १२.४४ टक्के आढळले होते. नॅबकॉन्सच्या २०२२ च्या अहवालात पेरूचा आकडा १५.०५ टक्के आहे. म्हणजे सात वर्षांत फारसा फरक पडलेला नाही.

शीतगृहे वाढवावीत, हे खरेच. परंतु दोन-चार क्रेट टोमॅटो किंवा भाजी काढणाऱ्या शेतकऱ्याला शीतगृह परवडत नाही आणि ते जवळही नसते. संध्याकाळी भाव पडला तरी माल द्यावा लागतो, कारण सकाळपर्यंत तो सुकतो. अशा शेतकऱ्यासाठी नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विटा, वाळू व पाणी यांवर चालणारा शून्य ऊर्जा शीतकक्ष विकसित केला.

सुमारे १६५ सें.मी. लांब व ११५ सें.मी. रुंद विटांच्या तळावर ६७.५ सें.मी. उंचीची दुहेरी भिंत रचतात. दोन भिंतींमधील ७.५ सें.मी. पोकळीत नदीची वाळू भरतात. वाळू, विटा आणि वरचे बांबू-गवताचे झाकण सकाळ-संध्याकाळ भिजवावे लागते. उन्हापावसापासून बचावासाठी वर छप्पर हवे. पाण्याचे बाष्पीभवन होताना भिंतीतील उष्णता शोषली जाते. ऐन उन्हाळ्यात आतील तापमान बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंश सेल्सिअसने कमी राहते आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास टिकते. क्षमता सुमारे १०० किलो.

तोडलेले फळही श्वसन करीत असते. तापमान १० अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग सर्वसाधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. म्हणून काढणी पहाटे करावी आणि माल उन्हात न ठेवता थेट कक्षात न्यावा. टोमॅटोच्या बाबतीत या कक्षाचा आणखी एक गुण आहे. हिरवट टोमॅटो फार थंड जागी ठेवल्यास त्याला शीतइजा होते व तो नीट पिकत नाही. विटांचा कक्ष तेवढा थंड होतच नाही.

मर्यादाही तेवढ्याच स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. प्रात्यक्षिकात त्या बहुधा राहून जातात. हे तंत्र कोरड्या हवेवर अवलंबून आहे. राजस्थान, बुंदेलखंड किंवा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ते उत्तम चालते. कोकण, केरळ किंवा आसामच्या पावसाळ्यात हवाच ओलसर असल्याने बाष्पीभवन मंदावते आणि थंडावा नावापुरता उरतो. जेथे उन्हाळ्यात पिण्याचे पाणीच टँकरने येते, तेथे रोजच्या भिजवणीचा हिशेब आधी मांडावा. थेंब-नळी व उंचावरील टाकी जोडल्यास पाणी बेताने लागते आणि खाडाही पडत नाही.

कक्ष खराब माल सुधारत नाही. दबलेला वा कुजका टोमॅटो आत गेला तर त्या दमट हवेत बुरशी शेजारच्या फळांवर पसरते. प्रतवारी आधी करावी, माल छिद्रांच्या क्रेटमध्ये ठेवावा, रिकामा कक्ष अधूनमधून धुऊन वाळवावा.

कांदा व लसूण मात्र येथे ठेवू नयेत. त्यांना कोरडी, खेळती हवा लागते. ओलाव्यात कांद्याला मुळे फुटतात व सड लागते. त्यासाठी तळातून व बाजूंनी हवा खेळणारी चाळ हीच योग्य.